समुद्राला नारळ

एकदा वर्गात मी विचारले, "समुद्र कोणी पाहिला आहे?"

तीनच हात वर झाले. यात नवल नाही. आपले पुसेगाव हिंगोली जिल्ह्यात, सेनगाव तालुक्यात आहे. येथून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. आपल्या भोवती कापूस, तूर, सोयाबीन आणि हळद यांची शेते आहेत. आपल्या भागातील कयाधू नदीचे पाणी पैनगंगेला मिळते, पुढे ते गोदावरीत जाते आणि शेवटी बंगालच्या उपसागराला मिळते. म्हणजे आपण महाराष्ट्रात राहतो खरे, पण आपल्या गावचे पाणी मुंबईच्या समुद्राकडे जातच नाही!

हात वर करणाऱ्यांपैकी एक मुलगा आपल्या आजोबांबरोबर मुंबईला हाजी अलीच्या दर्ग्याला जाऊन आला होता. तो म्हणाला, "सर, आम्ही गेलो तेव्हा रस्ताच नव्हता. नुसते पाणी होते. आम्ही बसून राहिलो. मग रस्ता आला."

सारा वर्ग खो खो हसला. रस्ता कधी चालत येतो का? पण तो मुलगा अगदी खरे बोलत होता. हाजी अलीचा दर्गा समुद्रातील एका खडकावर आहे. किनाऱ्यापासून दर्ग्यापर्यंत एक अरुंद वाट आहे. समुद्राला भरती आली, की ती वाट पाण्याखाली जाते. ओहोटी लागली, की वाट पुन्हा उघडी पडते. माणसांना वाट पाहावी लागते ती पाण्याची.

अशी बेटे फार मजेदार असतात. दिवसातून काही तास ती जमिनीला जोडलेली असतात आणि काही तास ती खरीखुरी बेटे होतात. आपल्या महाराष्ट्रात असे आणखी एक प्रसिद्ध ठिकाण आहे. ते म्हणजे रायगड जिल्ह्यातील अलिबागजवळचा कुलाब्याचा किल्ला. या पाठात आपण त्या किल्ल्याची, तेथील भरती-ओहोटीची आणि अलिबागच्या बंदरात साजऱ्या होणाऱ्या नारळी पौर्णिमेची माहिती घेऊ.

प्रथम नावाचा घोटाळा दूर करू. मुंबईतही कुलाबा आहे. पण हा कुलाबा वेगळा. अलिबाग ज्या जिल्ह्यात आहे, त्या जिल्ह्याचे नावही पूर्वी कुलाबा असेच होते. १९८१ साली ते बदलून रायगड ठेवण्यात आले. या दोन कुलाब्यांचे आणखी एक नाते आहे. मुंबईच्या कुलाब्यात पृथ्वीचे चुंबकत्व मोजणारी वेधशाळा होती. मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्राम येणार असे ठरले. विजेमुळे तेथील नाजूक उपकरणे चुकू लागतील, म्हणून १९०४ साली ते काम अलिबागला हलवण्यात आले. ती वेधशाळा अलिबागला आजही आहे.

कुलाब्याचा किल्ला अलिबागच्या किनाऱ्यासमोर, एक-दोन किलोमीटरांवर समुद्रात उभा आहे. शिवाजी महाराजांनी १६८० साली तो बांधायला घेतला. त्याच वर्षी महाराजांचे निधन झाले आणि पुढचे काम संभाजी महाराजांच्या काळात पुरे झाले. किल्ल्यावरील आरमाराची जबाबदारी दर्यासारंग आणि मायनाक भंडारी यांच्याकडे होती. दर्यासारंग ही पदवी आहे. 'दर्या' म्हणजे समुद्र, हे तुम्हांला सांगायला नकोच. शिवाजी महाराजांच्या आरमारात दौलतखान हाही एक नामवंत सरदार होता.

पुढे हा किल्ला कान्होजी आंग्रे यांच्याकडे आला. कान्होजींच्या आरमाराची इंग्रजांना आणि पोर्तुगिजांना मोठी दहशत होती. १७२१ साली या दोघांनी मिळून कुलाब्यावर हल्ला केला, पण तो फसला. १७२९ साली कान्होजी वारले. त्यांची समाधी अलिबाग गावात आहे.

किल्ल्याच्या तटाचे मोठमोठे दगड एकमेकांवर नुसते बसवलेले आहेत. त्यांच्या सांध्यांत चुना भरलेला नाही. हे पाहून प्रथम वाटते, की काम अर्धवट राहिले असावे. पण त्यात मोठी हुशारी आहे. लाट तटावर आपटते तेव्हा तिचे पाणी दगडांच्या फटींत शिरते आणि परत बाहेर येते. त्यामुळे लाटेचा जोर विखुरतो. तीनशेहून अधिक पावसाळे हा तट लाटा झेलत आहे.

आत गेल्यावर आणखी एक नवल दिसते. चारही बाजूंना खारे पाणी, आणि किल्ल्यात मात्र गोड्या पाण्याची विहीर! १७५९ साली राघोजी आंग्रे यांनी बांधलेले सिद्धिविनायकाचे मंदिर किल्ल्यात आहे. हाजी कमालुद्दीन शाह यांचा दर्गाही तेथेच आहे. तटावर इंग्लंडमधील लो मूर येथील कारखान्यात ओतलेल्या दोन तोफा आहेत. त्या लाकडी नव्हे, तर लोखंडी गाड्यांवर बसवलेल्या आहेत. मुलांना या तोफा फार आवडतात. मला विहीर आवडली.

आता मी तुम्हांला माझी एक चूक सांगतो. चूक माझी आहे, म्हणून ती सांगायला मला लाज वाटत नाही असे नाही. पण त्या चुकीतूनच मी भरती-ओहोटी शिकलो.

एका उन्हाळ्याच्या सुट्टीत मी अठरा मुलांना घेऊन अलिबागला गेलो होतो. त्या दिवशी वैशाख वद्य तृतीया होती. सकाळी सव्वाआठच्या सुमारास पूर्ण ओहोटी होती. समुद्र लांब मागे गेला होता. ओल्या वाळूवरून, शंख-शिंपले वेचत आम्ही चालतच किल्ल्यात पोहोचलो. कित्येक लोक घोडागाडीतून येत होते. एक म्हातारे गाडीवान मला म्हणाले, "मास्तर, साडेनऊला पोरांना घेऊन निघा. उशीर करू नका."

मी मनात हिशेब केला. ओहोटीपासून भरतीपर्यंत सुमारे सहा तास लागतात. म्हणजे पूर्ण भरती सव्वादोनला. मग दहा-साडेदहापर्यंत पाणी ते किती येणार? फार तर गुडघ्यापर्यंत! मुले तोफांवरून उतरायला तयार नव्हती. मीही घाई केली नाही. आम्ही निघालो तेव्हा दहा वाजून वीस मिनिटे झाली होती.

सुरुवातीला पाणी खरोखरच घोट्यापर्यंत होते. मुले पाणी उडवत चालली होती. पण किल्ला आणि किनारा यांच्या मध्ये जमीन थोडी खोलगट आहे. तेथे पोहोचलो आणि पाणी माझ्या कमरेला लागले. लहान मुलांच्या ते छातीपर्यंत आले. मागे वळावे, तर मागेही पाणी चढत होते. पायाखालची वाळू सरकू लागली. मुलांचे हसणे थांबले. मी सर्वांना एकमेकांचे हात धरायला सांगितले. माझा स्वतःचा हात थरथरत होता, हे माझ्या शेजारच्या मुलाला नक्कीच कळले असेल.

तेवढ्यात तेच गाडीवान आणि त्यांचे दोन सोबती गाड्या घेऊन पाण्यात आले. त्यांनी लहान मुलांना उचलून गाड्यांत घातले. मोठी मुले गाडीला धरून चालली. आम्ही सारे सुखरूप किनाऱ्याला लागलो. दोन-चार चपला तेवढ्या समुद्राने घेतल्या.

मी त्या गाडीवानांना पैसे देऊ लागलो. त्यांनी ठरलेल्या भाड्यापेक्षा एक पैसाही जास्त घेतला नाही. फक्त एवढेच म्हणाले, "मास्तर, पाणी सारखं चढत नाही. आधी गोगलगाय असतं, मग घोडा होतं."

घरी आल्यावर मी पुस्तके पाहिली. गाडीवानांचे बोलणे तंतोतंत खरे होते. भरतीचे पाणी पहिल्या तासात फार थोडे चढते. समजा, ओहोटी आणि भरती यांच्या पातळीत चार मीटरांचा फरक आहे. त्याचे बारा भाग करा. पहिल्या तासात एक भाग पाणी चढते. दुसऱ्या तासात दोन भाग. तिसऱ्या आणि चौथ्या तासात प्रत्येकी तीन भाग. मग पुन्हा पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक. म्हणजे पहिल्या तासात सुमारे ३३ सेंटिमीटर, पण तिसऱ्या एकाच तासात पूर्ण एक मीटर! मी मुलांना घेऊन निघालो, तेव्हा नेमका तिसरा तास सुरू झाला होता. मी गणित केले होते, पण पाणी दर तासाला सारखेच चढते असे धरून चाललो होतो.

पण मुळात हे पाणी चढते तरी का?

चंद्र पृथ्वीपासून सुमारे ३,८४,००० किलोमीटर दूर आहे. तरीही तो पृथ्वीला आपल्याकडे ओढतो. दगड-माती घट्ट असल्यामुळे जमिनीवर ते आपल्याला जाणवत नाही. समुद्राचे पाणी मात्र सैल असते. चंद्राकडच्या बाजूला पाणी थोडे फुगते. पृथ्वीच्या विरुद्ध बाजूलाही असाच फुगवटा येतो, कारण तेथे चंद्राची ओढ सर्वांत कमी असते आणि तेथील पाणी जणू मागे राहते. पृथ्वी स्वतःभोवती फिरते तेव्हा आपला किनारा या दोन्ही फुगवट्यांतून जातो. म्हणून कोकणात दिवसातून साधारणपणे दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी होते.

पृथ्वी एक फेरी पुरी करीपर्यंत चंद्रही थोडा पुढे सरकलेला असतो. त्याला गाठायला पृथ्वीला आणखी सुमारे ५० मिनिटे लागतात. म्हणून आजची भरती उद्या साधारण ५० मिनिटे उशिरा येते. हे पाहण्यासाठी समुद्रावर जायला नको. पौर्णिमेनंतर चार दिवस आपल्या घराच्या छतावरून चंद्र कधी उगवतो ते पाहा. तोही रोज असाच उशिरा येतो. समुद्र चंद्राच्या घड्याळाप्रमाणे चालतो, आणि ते घड्याळ पुसेगावातूनही दिसते!

सूर्यही पाणी ओढतो. तो चंद्रापेक्षा खूप मोठा आहे, पण खूप दूर असल्यामुळे त्याची भरती आणण्याची शक्ती चंद्राच्या निम्म्याहून थोडी कमी पडते. पौर्णिमेला आणि अमावास्येला सूर्य, चंद्र आणि पृथ्वी जवळजवळ एका रेषेत येतात. दोघांचा जोर एकत्र होतो. तेव्हा पाणी फार वर चढते आणि फार खाली उतरते. याला उधाणाची भरती म्हणतात. मुंबईत पावसाळ्यातल्या मोठ्या उधाणात भरतीची उंची साडेचार मीटरांच्याही वर जाते. त्याच वेळी जोराचा पाऊस आला, तर शहरात पाणी तुंबते, कारण गटारांतले पाणी समुद्रात उतरूच शकत नाही. अष्टमीच्या सुमारास मात्र सूर्य आणि चंद्र काटकोनात असतात. तेव्हा पाणी थोडेच चढते आणि थोडेच उतरते. ही भांगाची भरती.

कोकणातील लोकांना भरतीची वेळ काढायला पुस्तक लागत नाही. त्यांचा हिशेब असा : त्या दिवशीची तिथी घ्यावी आणि तिची पाऊणपट करावी. जो आकडा येईल, त्या सुमारास पूर्ण भरती. चतुर्थी असेल, तर चाराची पाऊणपट तीन. म्हणजे तीन वाजता भरती. अष्टमी असेल, तर सहा वाजता. त्यात सहा तास मिळवले किंवा वजा केले, की ओहोटीची वेळ मिळते. ही वेळ थोडीफार मागेपुढे होते, पण कामापुरती बरोबर असते. आमच्या तृतीयेचा हिशेब करून पाहा. तिनाची पाऊणपट सव्वादोन. मी हे आधी शिकलो असतो आणि गाडीवानाचे ऐकले असते, तर चपला वाचल्या असत्या.

तुम्हांला चंद्राच्या तारखा नवीन नाहीत. रमजानचा आणि ईदचा चाँद तुम्ही दरवर्षी पाहता. चौदाव्या तारखेच्या चंद्राला उर्दू शायरीत केवढा मान आहे! हिजरी महिना चाँद दिसल्यावर सुरू होतो आणि चाँद बहुधा शुक्ल द्वितीयेच्या संध्याकाळी दिसतो. म्हणून हिजरी तारखेत एक किंवा दोन मिळवले, की तिथी मिळते. हे ज्याला जमले, त्याला कोळ्यांचा हिशेबही जमला.

आता नारळी पौर्णिमेकडे येऊ. श्रावण महिन्यातील पौर्णिमेला हा सण येतो. आपल्याकडे मराठवाड्यात त्या दिवशी राखी पौर्णिमेचीच गडबड असते. किनाऱ्यावर मात्र तो समुद्राचा दिवस असतो.

या सणाचा अर्थ समजण्यासाठी त्याआधीचे दोन-अडीच महिने पाहावे लागतील. जून महिन्यात नैर्ऋत्येकडून मोसमी वारे जोराने येतात. समुद्र खवळतो. लहान होड्यांना बाहेर जाणे म्हणजे जिवाशी खेळ. कोळी लोक आपल्या होड्या किनाऱ्यावर ओढून घेतात. त्या पावसात कुजू नयेत म्हणून झापांनी किंवा ताडपत्रीने शाकारतात. मग घरोघरी फाटलेली जाळी विणण्याचे काम चालते. या दिवसांत घरात पैसा येत नाही. उन्हाळ्यात वाळवून ठेवलेले बोंबील, सुकट आणि जवळा यांच्यावर भागवावे लागते. शेतकऱ्याच्या घरी पेरणीनंतरचे दिवस जसे ओढाताणीचे असतात, तसेच हे दिवस.

पण ही विश्रांती फक्त माणसांसाठी नसते. पावसाळ्याच्या दिवसांत अनेक जातींचे मासे अंडी घालतात. नद्या डोंगरातील गाळ समुद्रात आणतात आणि त्या गाळातून पिलांना खाद्य मिळते. त्या वेळी जाळी टाकली, तर पोटात अंडी असलेली मासळी पकडली जाईल आणि पुढच्या वर्षी जाळे रिकामे येईल.

श्रावण पौर्णिमेपर्यंत वाऱ्याचा जोर ओसरू लागतो. होड्यांना नवा रंग दिला जातो. त्यांवर पताका आणि फुलांच्या माळा चढतात. सणाच्या दिवशी कोळीवाड्यातून वाजतगाजत मिरवणूक निघते. पुरुष पारंपरिक पोशाखात, डोक्यावर टोपी घालून येतात. कोळणी ठेवणीतली लुगडी नेसतात आणि अंगावर दागिने घालतात. मिरवणुकीत सोनेरी कागदाने मढवलेला एक नारळ असतो. त्याला सोन्याचा नारळ म्हणतात. बंदरावर पोहोचल्यावर समुद्राची पूजा होते आणि तो नारळ समुद्राला अर्पण करतात. 'आता शांत हो, आमच्या माणसांना सांभाळ, जाळे भरून दे,' एवढेच त्यांचे मागणे असते. त्या दिवशी घरोघरी नारळीभात आणि ओल्या नारळाच्या वड्या होतात.

पौर्णिमेला भरती दुपारी बाराच्या सुमारास असते. त्यामुळे सणाच्या दिवशी दुपारी कुलाब्याचा किल्ला चोहोबाजूंनी पाण्यात उभा असतो. सायंकाळपर्यंत उधाणाचे पाणी मागे हटते. किनाऱ्यावर नाच-गाणी चाललेली असतात आणि समोर किल्ल्याची वाट हळूहळू उघडी पडत असते. अर्थात पावसाळ्यात त्या वाटेने जाण्याचे धाडस कोणी करू नये.

नारळच का, असा प्रश्न तुम्ही विचाराल. कोकणात नारळ दारातच असतो. त्याचे खोबरे खातात, तेल काढतात, काथ्याचे दोर वळतात, झावळ्यांनी घर आणि होडी शाकारतात. जे आपल्या घरी सर्वांत मोलाचे, तेच द्यायचे. नारळ समुद्रात तरंगतो हेही खरेच. कधी कधी लाटा तो परत किनाऱ्यावर आणून टाकतात आणि मुले त्यासाठी झोंबाझोंबी करतात.

किनाऱ्यावर मासेमारी करणारे सगळेच हिंदू कोळी नाहीत. रत्नागिरीकडे दालदी नावाचे मुसलमान मच्छीमार पिढ्यान्‌पिढ्या समुद्रावर जातात. वारा आणि पाणी सर्वांना सारखेच. त्यामुळे समुद्रावरची भाषाही सर्वांची मिळून झाली आहे. कोळी लोक होडीच्या मालकाला 'नाखवा' म्हणतात. हा शब्द फारसी 'नाखुदा' यावरून आला. नाव म्हणजे जहाज आणि खुदा म्हणजे मालक. होडी वळवण्याचे 'सुकाणू' हे अरबी 'सुक्कान' यावरून आले. 'बंदर' फारसी आहे, 'खलाशी' अरबीतून आला, 'तुफान'ही तिकडचाच. मुरूडजवळच्या जंजिऱ्याचे नाव म्हणजे तर अरबी 'जज़ीरा', बेट! आणि मोसमी वारे? अरब खलाशी जहाजे सोडण्याच्या काळाला 'मौसम' म्हणत. तोच शब्द युरोपात जाऊन 'मान्सून' झाला. अरबांची जहाजेही हा मौसम पाहूनच हिंदुस्थानच्या किनाऱ्याला येत. पंधराव्या शतकात अहमद इब्न माजिद नावाच्या अरब नाविकाने वारे, तारे आणि बंदरे यांची माहिती देणारा मोठा ग्रंथ लिहिला. तुम्ही मराठीच्या तासाला हे शब्द कठीण म्हणून सोडून देता, पण ते तुमच्या घरातलेच आहेत.

या सणाच्या आनंदाला आज एक चिंता चिकटलेली आहे. पूर्वी नारळी पौर्णिमेला नारळ दिल्याशिवाय होडी समुद्रात जात नसे. ही बंदी कोणी कागदावर लिहिलेली नव्हती. पुढे इंजिनाच्या मोठ्या बोटी आल्या. त्या खवळलेल्या समुद्रातही जाऊ शकत होत्या. म्हणून सरकारला कायद्याने बंदी घालावी लागली. महाराष्ट्रात सागरी मासेमारीचा कायदा १९८१ साली झाला. हल्ली यांत्रिक बोटींना १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस समुद्रात जायला बंदी असते.

आता अडचण पाहा. सरकारची तारीख सूर्याच्या पंचांगाची आणि नारळी पौर्णिमा चंद्राच्या. ३१ जुलै दरवर्षी ठरलेल्या दिवशीच येतो. नारळी पौर्णिमा मात्र मागेपुढे होते. २०२५ साली ती ९ ऑगस्टला होती. २०२३ साली श्रावण अधिक आला आणि ती थेट ३० ऑगस्टला गेली. म्हणजे कायद्याने समुद्र उघडला १ ऑगस्टला आणि चालीरीतीने महिनाभर उशिरा. जो नाखवा बापजाद्यांच्या रीतीप्रमाणे थांबतो, त्याच्या डोळ्यांसमोर मोठ्या बोटी मासळी भरून आणतात. जो थांबत नाही, त्याला ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातील वादळी समुद्राला तोंड द्यावे लागते. घरी बायको-मुले दाराकडे डोळे लावून बसतात. थांबावे की जावे? या प्रश्नाचे उत्तर बंदरावर बसलेल्या माणसालाच द्यावे लागते. आपण पुसेगावात बसून ते देणे बरोबर नाही. पण मला विचाराल तर मी म्हणेन, की बंदी दोन आठवड्यांनी वाढवून सर्वांना, मोठ्या बोटींनाही, सारखीच लावावी.

मासळी कमी होत आहे, ही तर सर्वांचीच तक्रार आहे. पूर्ण वाढ न झालेली लहान मासळीही बारीक जाळ्यांतून ओढली जाते. आपल्याकडे पापलेट नावाचा चंदेरी मासा फार आवडीने खातात. तो एवढा कमी झाला, की त्याच्याकडे लोकांचे लक्ष जावे म्हणून २०२३ साली महाराष्ट्र शासनाने त्याला राज्य मासा म्हणून जाहीर केले. शेकरू हा जसा राज्य प्राणी, तसा पापलेट हा राज्य मासा.

अलिबागहून परतल्यावर आमच्या वर्गात एक खेळ सुरू झाला. भिंतीवर मराठी कॅलेंडर होते. रोज एक मुलगा उठून त्या दिवशीची तिथी वाचायचा आणि अलिबागला भरती कधी, ते फळ्यावर लिहायचा. जो मुलगा पाण्यात माझ्या शेजारी होता, तो कधी चुकत नसे. रमजान ईदच्या आधी त्याने स्वतःहून हिशेब केला. ईदच्या दिवशी साधारण द्वितीया किंवा तृतीया असते, म्हणून भरती दुपारी दीड ते सव्वादोनच्या सुमारास. ईदची नमाज आटोपून, शीरखुर्मा खाऊन दुपारी कोणी कुलाब्याला चालत निघाला, तर त्याला वाट मिळणार नाही. सकाळी आठ वाजता मात्र मिळेल.

बकरी ईद जिल्हज महिन्याच्या दहा तारखेला येते. त्या दिवशी हाजी अलीची वाट किती वाजता पाण्याखाली असेल, ते तुम्ही काढा.